आईसोबत कार्डामिनीच्या शोधात सहा दिवस

आई मार्चच्या शेवटी कराडहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आली तेव्हा तिच्या पर्समध्ये पासपोर्टला खेटून एक भिंग होतं, सोनार वापरतात तसलं, दहा पट मोठं दाखवणारं. आईने ३१ वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलंय, रिटायर होऊनही आता आठ वर्षं झाली, पण वाकून बघायची सवय काही गेली नाही. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेली आणि कुंडीतलं एक बारक्या पांढऱ्या फुलांचं तण बघून म्हणाली, हे काय गं? मी म्हणलं हेअरी बिटरक्रेस, इथे सगळीकडे उगवतं, मी उपटून टाकते. मग शेडच्या मागे सावलीत तसलंच अजून एक दिसलं, हे काय? मी म्हणलं तेही तेच. ती खाली बसली, भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग विचारलं, "तेच कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ वर्षं या देशात राहतेय, रानफुलांची आवड आहे, दोन-तीन फील्ड गाइड घरात आहेत, आणि तरी चार पांढऱ्या पाकळ्या दिसल्या की मी एकच नाव ठोकून मोकळी होत होते. ते मला फार लागलं. ही ट्रिप त्या प्रश्नातून निघाली. बिटरक्रेस ज्यात येतात त्या कार्डामिनी नावाच्या गटात जगभरात २०० च्या वर जाती आहेत, ब्रिटनमध्ये रानात आपणहून वाढणाऱ्या मात्र मोजक्याच, त्यातल्या सहा ज्यांच्या त्यांच्या जागी जाऊन बघायच्या असं आम्ही ठरवलं. मे महिन्याचा दुसरा आठवडा निवडला कारण तेव्हा लवकर फुलणाऱ्यांना शेंगा आलेल्या असतात आणि उशिरा फुलणाऱ्या नुकत्या उठत असतात. ऑफिसला रजा टाकली, लेक आणि नवरा शाळेमुळे घरी, आणि गाडीत आम्ही दोघी.

दिवस पहिला, शनिवार, आमचंच अंगण

पहिला दिवस घरातच काढायचा हा आईचा आग्रह होता. ती म्हणाली आधी घरातल्या दोघींना ओळखायला शीक, मग बाहेर जाऊ.

आधी कुळ. ही सगळी मोहरीच्या कुळातली झाडं. चार पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या समोरासमोर, आत सहा पुंकेसर, त्यातले चार लांब आणि दोन आखूड. आईने लेकीला सांगितलं, आपल्याकडे पांढरी तिळवण असते तिलाही चार पाकळ्या आणि सहा केसर, पण ते सहाही सारख्या लांबीचे आणि एका उंच दांड्यावर चढलेले, म्हणून ती मोहरीच्या शेजारच्या कुळातली. मग एक पान तोडून तिघींनी चावलं. हुबेहूब अळिवाची चव! अळीव पाण्यात भिजवून त्याला कोंब आले की ते कोंब खाऊन बघा, तोच झणका, जिभेच्या मागच्या बाजूला थोडा कडवटपणा. अळीवही याच कुळातलं आहे. मी लहानपणी थंडीत अळिवाचे लाडू खाल्लेत पण त्याला झाड असतं, त्या झाडाला फूल येतं हा विचार कधी डोक्यातच आला नव्हता.

आता कुंडीतलं झाड. मुळाशी पानांची एक गोल चकती जमिनीला चिकटलेली, प्रत्येक पानात छोट्या गोलसर पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या सुट्या भागांच्या, जोड्या आणि टोकाला एक मोठी. चकतीच्या मधून खोड सरळ वर गेलेलं, त्याच्यावर पानं मोजून तीन. खोडाला हात लावला तर गुळगुळीत. हेच ते हेअरी बिटरक्रेस, लॅटिन नाव कार्डामिनी हिर्सुटा, हिर्सुटा म्हणजे केसाळ, आणि खोडावर केस जवळजवळ नाहीतच, जे आहेत ते पानांवर आणि पानांच्या देठाच्या कडेला तुरळक. या नावानेच मला इतकी वर्षं फसवलं. शेंगा काटेकोर उभ्या आणि इतक्या लांब की शेंड्याच्या फुलांच्या डोक्यावरून वर गेलेल्या.

शेडच्या मागचं झाड. सावली, पावसाच्या पाण्याचा पिंप गळतो म्हणून कायम ओल. मुळाशी चकती होती पण विरळ. खोड प्रत्येक पानापाशी थोडं वळणारं, नागमोडी, आणि भिंगातून बघितलं तर खालच्या भागात पांढरे केस चक्क दाट. खोडावर पानं सात. शेंगा आहेत पण फुलांच्या वर फारशा जात नाहीत. ही कार्डामिनी फ्लेक्सुओसा, इथे वेव्ही बिटरक्रेस म्हणतात.

मग केसर मोजायचं काम. पाकळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या, फूल धरायलाच चिमटा लागला. आईने दोन सुया घेतल्या, एका सुईने पाकळी मागे सारली आणि मला भिंग दिलं. कुंडीतल्या फुलात चारच केसर! ते दोन आखूड असतात ना, ते मुळात आलेलेच नाहीत. शेडमागच्या फुलात सहा. मी तिथेच उड्या मारणार होते पण आई म्हणाली एका फुलावर निकाल देऊ नकोस, दहा बघ. बघितली. शेडमागची दहाही सहा केसरांची, कुंडीतली मात्र आठ फुलं चारची, एक पाचचं, एक सहाचं. वाचनात आलंय की गारव्यात हिर्सुटाला ते राहून गेलेले केसर जास्त वेळा येतात. म्हणजे केसर हा चांगला पुरावा पण एकटा पुरेसा नाही, त्याच्या सोबत खोडाचे केस, खोडावरची पानं आणि शेंगांची उंची हे तिन्ही बघायचं.

संध्याकाळी लेकीला शेंगांचा शोध लागला. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की टप्प! दोन्ही साली खालून सुटून घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि बिया उडतात, एक माझ्या चष्म्यावर आपटली. आईला लगेच तेरडा आठवला, आम्ही लहानपणी गौरीच्या दिवसांत तेरड्याच्या शेंगा अशाच फोडायचो. जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या अँजेला हे यांच्या गटाने २०१६ मध्ये याच हिर्सुटाच्या शेंगांवर काम केलं, त्यांच्या मोजणीत बिया अर्ध्या मिलिसेकंदात सेकंदाला दहा मीटरच्या पुढचा वेग घेतात, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, गावातून जाणाऱ्या स्कूटरइतका. आणि गंमत अशी की यासाठी शेंग वाळावी लागत नाही, हिरवी पाणी भरलेली असतानाच पेशींच्या दाबाने साल ताणली जाते, आणि सालीच्या आतल्या थरातल्या पेशींना लाकडासारख्या घट्ट भिंतींची जणू बिजागरी असते, ती उघडली की सगळा ताण एका झटक्यात सुटतो. लेक रात्री झोपेपर्यंत शेंगा फोडत होती, पुढच्या वर्षी आमच्या सगळ्या कुंड्या भरणार हे नक्की.

दिवस दुसरा, रविवार, चिल्टर्न

सकाळी डबा घेऊन निघालो, मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. हाय विकमच्या आसपास चिल्टर्नच्या टेकड्यांवर बीच नावाच्या वृक्षांची जुनी जंगलं आहेत, रेडिंगहून तासाभराच्या आत. तिथे कोरलरूट बघायचं होतं, कार्डामिनी बल्बिफेरा. ब्रिटनमध्ये ती मूळची म्हणावी अशी मुख्यतः दोनच भागात, चिल्टर्नमध्ये आणि दक्षिणेकडच्या वील्डमध्ये.

जंगलात शिरल्यावर आई थोडा वेळ नुसती उभी राहिली. बीचची नवी पालवी इतकी कोवळी असते की सगळा उजेडच हिरवा होतो. ब्लूबेलची फुलं संपत आलेली, जांभळा रंग विटलेला. पायवाटेच्या कडेला वीस मिनिटं चाललो आणि मग एका उतारावर दिसली, गुडघ्याएवढी उंच, एकेकटी उभी, शेंड्याला फिकट गुलाबी-जांभळी चार-पाच फुलं, पाकळ्या चांगल्या सेंटिमीटरभर. कालच्या त्या बारक्या फुलांची ही नातेवाईक यावर विश्वास बसत नाही. खालच्या पानांना पर्णिकांच्या तीन जोड्या, वर जाता जाता पर्णिका कमी कमी होत शेवटची पानं साधी, एकसंध.

पण ओळखायला फूल लागतच नाही. वरच्या प्रत्येक पानाच्या बगलेत मिरीएवढी, काळपट जांभळी, चकचकीत गाठ. आईने बघितलं आणि पटकन म्हणाली, अगं हा तर करांदा! करांद्याच्या वेलाला पानाच्या बगलेत अशाच गाठी येतात, आणि त्याचं लॅटिन नाव पण डायोस्कोरिया बल्बिफेरा. मला हे माहितीच नव्हतं. दोन झाडं, कुळं पार वेगळी, एक कोकणातल्या रानातला वेल, एक इंग्लंडच्या बीचखाली, आणि दोघांना एकच आडनाव कारण दोघांची युक्ती एक. या गाठी गळून पडतात, रुजतात, आणि त्यातून फुलणारं झाड व्हायला काही वर्षं जातात. इथे तिला बी क्वचितच धरतं. म्हणून ती हळूहळू, गाठीगाठीने पसरते, जंगल तुटलं की पुन्हा लांबून उडत येऊ शकत नाही, आणि म्हणूनच ती दिसली की जंगल जुनं असणार असा इथले लोक अंदाज बांधतात.

जमिनीखाली तिचं खोड पांढरं, खवलेदार, पोवळ्याच्या फांदीसारखं असतं, नाव त्यावरूनच पडलं. ते आम्ही बघितलं नाही. १९८१ च्या कायद्याने इथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड मुळासकट उपटता येत नाही, आणि मला हा कायदा मनापासून आवडतो. आईने वहीत चित्र काढलं, गाठीचं वेगळं मोठं करून.

येताना गाडीत ती म्हणाली, काल आपण फुलात शोधत होतो, आज उत्तर पानाच्या बगलेत निघालं.

दिवस तिसरा, सोमवार, ऑक्सफर्डचं कुरण

उत्तरेला डर्बीशायरला जायचं होतं, वाटेत ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सच्या काठी थांबलो. पूर येऊन जातो अशी ओली कुरणं. बूट पहिल्या पाच मिनिटांत भिजले, आईने साडी ऐवजी माझी ट्रॅकपँट घातली होती ते बरं झालं.

कार्डामिनी प्राटेन्सिस शोधावी लागली नाही. गवतात सगळीकडे फिकट जांभळा धूर पसरल्यासारखी. इथे तिला कुकूफ्लॉवर म्हणतात, कोकीळ कुळातला कुकू ओरडायला लागतो त्या सुमारास फुलते म्हणून, आणि लेडीज स्मॉक असंही जुनं नाव आहे. पाकळ्या मोठ्या, त्यावर गडद शिरा, परागकोश पिवळे. पिवळे हे लक्षात ठेवायचं, उद्या लागणार आहे. आणि पानं दोन प्रकारची, मुळाशी गोल पर्णिका, खोडावर अगदी अरुंद, रेघेसारख्या. एकाच झाडाची ही दोन पानं वेगवेगळी तोडून दिली तर मी दोन झाडं सांगितली असती. ओल्या जमिनीला टेकलेल्या खालच्या पानाच्या पर्णिकेलाच मुळं फुटून नवं रोप येतं, आईला तसं एक सापडलं, नखाएवढ्या पर्णिकेच्या मधोमध दोन कोवळी पानं. पानफुटीसारखं, असं ती म्हणाली, फक्त पानफुटीला ते कडेला येतात.

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला पण झाडासाठी नाही, फुलपाखरासाठी. ऑरेंज टिप नावाचं पांढरं फुलपाखरू, नराच्या पुढच्या पंखांची टोकं नारिंगी, मादीला ती नसतात. याचं शास्त्रीय नाव अँथोकारिस कार्डामिनीस, म्हणजे नावातच आपलं झाड. मादी एका फुलापाशी यायची, पाय टेकवायची, उडायची, दुसऱ्यावर. आम्ही तिच्या मागे मागे वाकून प्रत्येक फुलाचा देठ बघत होतो आणि मग आईला अंडं दिसलं. फुलाच्या देठाला उभं चिकटलेलं, तांदळाच्या कणीहून छोटं, नारिंगी, भिंगातून उभ्या रेघा दिसणारं. घालताना ते पांढरट असतं, एक-दोन दिवसात नारिंगी होतं. एका तुऱ्यावर बहुतेक एकच, कारण अळ्या एकमेकींना खातात, आणि खायला शेंगा मोजक्याच.

आईने यावर एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. आपल्याकडे सह्याद्रीत एक मोठं पांढरं फुलपाखरू असतं, त्याच्याही पंखांची टोकं नारिंगी, आणि ते अंडी घालतं वाघाटीवर आणि वायवर्णावर. वाघाटी म्हणजे आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात ती. वाघाटीचं कुळ मोहरीच्या कुळाचं जवळचं, तोच तिखट झणका दोन्हीत, तीच रसायनं. बाकी किड्यांना तो झणका सोसत नाही आणि या फुलपाखरांच्या अळ्या मात्र त्यावरच जगतात. अशा वेळी वाटतं की आई अजून वर्गात हवी होती.

रात्री मॅटलॉकला पोचलो. पाऊस. कपभर चहा आणि झोप.

दिवस चौथा, मंगळवार, क्रॉमफर्ड

क्रॉमफर्डला जायचं कारण ओलं जंगल होतं, पण गावात शिरताच आर्कराइटची गिरणी लागते. पाण्याच्या जोरावर सूत कातणारी ही गिरणी १७७१ ची, जगातल्या पहिल्या कारखान्यांत तिचं नाव घेतात, आणि २००१ पासून हे सगळं खोरं जागतिक वारसा आहे. आईचे वडील, माझे आजोबा, लालबागला गिरणीत साच्यावर होते. आई अंगणात उभी राहून भिंतींकडे बघत राहिली, दगडाला हात लावला, म्हणाली, दादांना दाखवायला हवं होतं. यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मग डर्वंट नदीच्या कडेने चाललो. ऑल्डरची झाडं, खाली काळा चिखल, झऱ्याचं पाणी सगळीकडून झिरपतंय. तिथे ती होती, कार्डामिनी अमारा, लार्ज बिटरक्रेस, पाण्यात पाय सोडून बसलेल्या बायकांसारखी घोळक्याने. फुलं शुभ्र, मोठी, आणि शुभ्र पाकळ्यांच्या मधे परागकोश जांभळे! लांबून बघितलं तर प्रत्येक फुलात कुणी शाईचे थेंब टाकल्यासारखं दिसतं. कालची कुकूफ्लॉवर कधी कधी पांढरी पण येते, तेव्हा हा रंगच कामाला येतो, तिचे पिवळे, हिचे जांभळे. फूल जुनं झालं की परागकोश फुटून रंग उतरतो, म्हणून नुकतं उमललेलं बघायचं. मुळाशी पानांची चकती नाही, त्याऐवजी चिखलातून सरपटणारे धुमारे, आणि खोडावरच्या पर्णिका रुंद, टोकाची सगळ्यात मोठी.

शेजारीच वॉटरक्रेस होतं, जे इथे सॅलडमध्ये घालतात. पानं इतकी सारखी की फूल नसेल तर पहिल्या नजरेत मी फसले असते. फरक असा की वॉटरक्रेसचं खोड दाबलं तर पोकळ, अमाराचं भरीव, वॉटरक्रेसचे परागकोश पिवळे, आणि शेंगेत बियांच्या दोन ओळी, कार्डामिनीच्या एकच. वॉटरक्रेसची शेंग टप्पकन उडत पण नाही. चव घ्यायचा मोह झाला पण वरच्या बाजूला मेंढ्या चरत होत्या. अशा पाण्यातल्या कच्च्या पानांवरून यकृतातला चपटा कृमी माणसाच्या पोटात जाऊ शकतो, त्यामुळे रानातलं वॉटरक्रेस कच्चं खायचं नाही म्हणजे नाही.

आणि आता या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता भाग. परत येताना दगडी गडग्याच्या माथ्यावर, कोरड्या मातीत, हिर्सुटा होती, शेंगा फुटून गेलेल्या, झाड पिवळं पडलेलं. गडग्याच्या पायथ्याशी वाटेच्या कडेला, सावलीतल्या ओलीत, फ्लेक्सुओसा. आणि पन्नास पावलं खाली चिखलात अमारा. मी आईला वाटेवर थांबवून सांगितलं की हिर्सुटाची गुणसूत्रं १६, अमाराची १६, आणि फ्लेक्सुओसाची ३२. फ्लेक्सुओसा या दोघींच्याच संकरातून झालेली आहे. खूप पूर्वी कधीतरी एकीचे पराग दुसरीवर पडले, आणि गुणसूत्रं दुप्पट झाली म्हणून ती संकर असूनही वांझ न राहता तिची स्वतंत्र जात झाली. गुणसूत्रं शेजारी ठेवून तपासणाऱ्या संशोधकांनी हे पक्कं केलंय.

आई गडग्याकडे बघायची, मग खाली चिखलाकडे, मग मधल्या झाडाकडे. "म्हणजे हिचे आईबाप दोन्ही इथेच आहेत की गं," ती म्हणाली. मग खाली बसून तिने फ्लेक्सुओसाचं एक फूल उघडलं, सहा केसर, अमारासारखे, फूल मात्र हिर्सुटाएवढं बारीक. राहायची जागा बघा, ना गडग्याइतकी कोरडी ना झऱ्याइतकी ओली, बरोबर मधली. शेडच्या मागे पिंप गळतो तिथे ती का आली होती हे मला तेव्हा कळलं. त्या झाडाला मी नऊ वर्षं हिर्सुटा म्हणत आले, अर्धं बरोबर होतं म्हणायचं.

दिवस पाचवा, बुधवार, डव्हडेल

शेवटची राहिली होती ती सगळ्यात अवघड. कार्डामिनी इम्पेशन्स, नॅरो-लीव्ड बिटरक्रेस, चुनखडीच्या उतारांवर अॅश नावाच्या वृक्षांच्या जंगलात राहते आणि ब्रिटनमध्ये दुर्मिळ होत चाललीय. डव्हडेल ही डव्ह नदीची अरुंद घळ, नदीच्या एका अंगाला डर्बीशायर, दुसऱ्या अंगाला स्टॅफर्डशायर, दोन्हीकडे पांढरे कडे. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट.

जंगल बघून वाईट वाटलं. अॅशला एका बुरशीचा रोग लागलाय, ब्रिटनमध्ये तो २०१२ ला पहिल्यांदा सापडला, आता या चुनखडीच्या घळींत झाडामागून झाड वाळतंय. मे महिना, आणि डोक्यावर उघड्या फांद्या. सावली गेली की खालची ओल पण जाणार, मग ही झाडं कुठे जातील हा विचार दिवसभर पाठ सोडत नव्हता.

इम्पेशन्सला जूनमध्ये खरा बहर, त्यामुळे फूल मिळेल याची आशा नव्हती. ओळख पटवायची एकच खूण आमच्याकडे होती, कान. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे दोन अणकुचीदार कानासारखे भाग असतात आणि ते खोडाला मिठी मारतात. इथल्या बाकीच्या पाचींपैकी एकीलाही हे नाहीत. पर्णिकाही खूप, सहा ते नऊ जोड्या, कातरलेल्या कडांच्या, पण पर्णिकांवर विसंबून चालत नाही कारण सावलीतली फ्लेक्सुओसा पण मधेच फसवते.

तर आम्ही वाटेच्या कडेने प्रत्येक संशयितापाशी थांबायचो, मी वाकून पान बाजूला करायचे आणि आई वरून विचारायची, कान आहे? नाही. पुढे. कान आहे? नाही. पाऊस रिमझिम, भिंगावर थेंब, रुमाल ओला झाला तेव्हा आईने ओढणीने भिंग पुसलं. अकरा झाडं झाली, अकराही फ्लेक्सुओसा. दुपारचे दोन वाजले, आईचे गुडघे बोलायला लागले, मी म्हणलं परत फिरू. ती म्हणाली, त्या दगडांच्या घसरणीपर्यंत जाऊ आणि मग फिरू.

घसरणीच्या कडेला, शेवाळलेल्या दगडांच्या फटीत, वीतभर उंचीचं एक झाड. पानं पिसासारखी, हिरवा रंग थोडा पोपटी. मी गुडघ्यावर बसले, मधलं पान दोन बोटांनी हलकेच मागे केलं. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दोन बारीक टोकं बाहेर आलेली, खोडाला वळसा घालून पलीकडे जवळजवळ एकमेकींना भेटलेली, कडेला दोन-तीन केस. त्याच्या वरच्या पानालाही. त्याच्याही वरच्या. मी वर न बघताच म्हणलं, आई, आहेत. ती त्या वयात, त्या ओल्या दगडांवर, माझ्या शेजारी पोटावर आडवी झाली आणि भिंग घेतलं.

शेंड्याला हिरव्या कळ्यांचा गुच्छ होता. पाकळ्या बारक्या पांढऱ्या येतात किंवा येतच नाहीत, म्हणजे जिच्या शोधात एवढ्या लांब आलो तिच्यात लांबून नजरेत भरावं असं काहीच नाही. इम्पेशन्स म्हणजे उतावीळ, शेंगा हात लावताच फुटतात म्हणून. तेरड्याचं लॅटिन नाव हेच, इम्पेशन्स, आणि कारणही हेच. पहिल्या दिवशी अंगणात आईला तेरडा आठवला होता तो असा शेवटी नावातच निघाला. कुळ वेगळं, फक्त स्वभाव एक.

आईने पंधरा मिनिटं चित्र काढलं, मी तिच्यावर छत्री धरून. झाडाला परत पानांनी झाकलं आणि निघालो. जागा नेमकी कुठे ते मी इथे लिहीत नाही, फिरणाऱ्यांच्या पायाखाली येण्यासारखी आहे.

दिवस सहावा, गुरुवार, परत घरी

तीन तास ड्रायव्हिंग, वाटेत विशेष काही नाही.

घरी आल्यावर आई बॅग न उघडता अंगणात गेली. गेल्या महिन्यात मी नर्सरीतून एक जपानी मेपल आणला होता, त्याच्या कुंडीत मातीवर एक पांढऱ्या फुलांचं तण. आता कशावरून हे विचारायची गरज नव्हती, दोघी एकदमच खाली बसलो. केसर सहा. म्हणजे हिर्सुटा शक्यतो नाही. खोड नागमोडी. म्हणजे फ्लेक्सुओसा? पण खोडावर केस शोधले तर अगदी बुडाशी दोन-चार, बाकी गुळगुळीत. मुळाशी पानांची चकती नाहीच. आणि खोडावरच्या पानाची टोकाची पर्णिका तीन भागात कापलेली.

मी आत जाऊन शोधलं तेव्हा कार्डामिनी ऑकल्टा सापडली. ही मूळची पूर्व आशियातली, भातखाचरातलं तण, कुंड्यांच्या मातीतून युरोपभर पसरतेय, इटली-स्पेनच्या भातशेतीतही आहे. कित्येक वर्षं आशियातल्या या झाडाला सगळे फ्लेक्सुओसाच म्हणत होते, २०१६ मध्ये तिचं खरं नाव ऑकल्टा असल्याचं दाखवून दिलं गेलं. गुणसूत्रं ६४, फ्लेक्सुओसाच्या दुप्पट. शेडमागच्या झाडाशेजारी मेपलची कुंडी ठेवून आम्ही अंधार पडेपर्यंत बघत होतो. लक्षणं सगळी जुळतात, तरी आई अजून हो म्हणत नाहीये, पिकलेल्या शेंगा बघू दे म्हणते.

भातखाचर हा शब्द ऐकल्यावर तिने लगेच पाटणला मामाला फोन लावला. मामाकडे पेरणीची घाई, तो म्हणाला तण म्हणजे तण, त्याला काय नाव. आई म्हणाली, सुगी झाली की बांधाच्या कडेला ओल असते तिथे बघ, बारकी पांढरी फुलं, चार पाकळ्या, सापडलं तर उपटू नको, मी येते. नंतर कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली, आणि लेकीने आज्जीच्या वहीतलं पान फाडून त्यावर लिहून चिकटवलं, शेंगांना कोणीही हात लावायचा नाही.